लाकडी ओटा घरच्या घरी: कापणीपासून तेलाच्या शेवटच्या हातापर्यंत

लाकडी ओट्याच्या तक्रारी फिरून फिरून त्याच येतात. सिंकभोवती काळं पडलं. तक्त्याला लांबीच्या दिशेने चीर गेली. पुढची कड वर उचलली. तेल देऊन आठवडा झाला तरी हात चिकटतो. दोष बहुतेक वेळा लाकडाच्या माथी मारला जातो. खरं तर हे चारही प्रकार कामाचा क्रम चुकल्याने होतात. तक्ता आधी बसवला आणि तेल नंतर दिलं, सिंकसाठी छेद कापला आणि त्याच्या कडा कोऱ्याच ठेवल्या, सगळे स्क्रू सारखेच आवळले, तेल पुसायचं राहिलं.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि त्याबरोबर रुंदीत फुगतं-आकसतं. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत मात्र चांगला जाणवतो. ६०० मिमी खोलीच्या तक्त्यातलं पाण्याचं प्रमाण ८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेलं, तर सागवान साधारण २ ते ४ मिमी रुंद होतं आणि बीच ५ ते १० मिमी. दमट आणि कोरड्या ऋतूंमध्ये एवढा फरक सहज पडतो. ही हालचाल स्क्रूने, गोंदाने किंवा पॉलिशने थांबत नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत: लाकडाला हलायला जागा ठेवायची, आणि ओल सगळ्या बाजूंनी सारख्याच वेगाने आत-बाहेर होईल असं बघायचं. पुढच्या प्रत्येक टप्प्यामागे यातलंच एखादं कारण आहे.

हे सगळं घन लाकडाच्या, म्हणजे पट्ट्या शेजारी-शेजारी चिकटवून केलेल्या तक्त्यासाठी आहे. प्लायवर विनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलेला तक्ता असेल तर घासण्याचा भाग जसाच्या तसा वापरू नका, वरचा पातळ थर काही मिनिटांत निघून जाईल.

## टप्पा १: कपाटं सपाट करून घ्या

तक्ता आणण्याआधी ओली कामं संपलेली असली पाहिजेत: गिलावा, टाइल्स, रंग. ताज्या गिलाव्याच्या खोलीत ठेवलेला तक्ता भिंतीतली ओल ओढून घेतो आणि नंतर कोरडा होताना आकसतो.

कपाटांवर पाणसळ लांबीच्या आणि खोलीच्या अशा दोन्ही दिशांनी ठेवा. पाणसळ किमान मीटरभर लांब हवी, हातभर पाणसळीवर प्रत्येक कपाट वेगवेगळं सरळ दिसतं आणि पूर्ण रांग वाकडी निघते. कपाटाचे पाय फिरवून किंवा खाली पाचर घालून उंची जुळवा, मग कपाटं एकमेकांना आणि भिंतीला बांधा.

तक्त्याखाली साधारण दर ६०० मिमीवर आधार हवा. डिशवॉशर किंवा वॉशिंग मशीनसाठी यापेक्षा रुंद मोकळी जागा असेल, तर भिंतीवर आणि पुढच्या बाजूला एकेक आडवी पट्टी द्या.

कपाटाच्या माथ्यावर पूर्ण फळी आहे का तेही बघा. असेल तर तक्त्याची खालची बाजू कोंडली जाते, वरची बाजू मोकळी श्वास घेते आणि तक्ता पन्हाळीसारखा वाकतो. त्या फळीला मोठी भोकं पाडा, किंवा ती काढून पुढे-मागे दोन आडव्या पट्ट्याच ठेवा. तयार मॉड्युलर कपाटांत बहुधा अशा पट्ट्याच असतात.

तपासा: ॲल्युमिनियमची सरळ पट्टी कपाटांवर आडवी टाका. तिच्याखाली कुठे २ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर आत्ताच भरा. नंतर स्क्रू आवळून तक्ता खाली ओढायचा विचार मनात येईल, आणि चीर तिथूनच जाते.

## टप्पा २: तक्ता निवडा आणि खोलीत मुरू द्या

जाडी २७ ते ४० मिमी चांगली. त्याहून पातळ तक्त्यात सिंकच्या छेदाच्या पुढेमागे उरणाऱ्या पट्ट्या नाजूक होतात.

लाकडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सिंक याच तक्त्यात बसणार असेल तर सागवान घ्या. ते कमी हलतं आणि त्यातलं नैसर्गिक तेल पाण्याला काही प्रमाणात थोपवतं. ओक टणक आणि देखणं आहे, पण त्यातल्या टॅनिनमुळे ओलं लोखंड टेकलं की काळा डाग पडतो. बीच आणि रबरवुड कोरड्या भागाला उत्तम, सिंकभोवती मी ते सुचवणार नाही.

तक्ता घेताना एका टोकाला डोळा लावून लांबीभर बघा, पीळ किंवा बाक लगेच दिसतो. दोन्ही टोकांच्या कापलेल्या बाजू नीट बघा, बारीक चिरा तिथेच सुरू होतात. पट्ट्यांमधले चिकटवलेले सांधे नखाने चाचपून पाहा. ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र मिळालं तर तक्त्याच्या मध्यावर, खालच्या बाजूने मोजा. ८ ते १२ टक्के असेल तर ठीक. त्याहून जास्त ओला तक्ता घेऊ नका.

घरी आणल्यावर तो ज्या खोलीत बसणार त्याच खोलीत एक ते दोन आठवडे ठेवा. आडवा ठेवा, खाली दर ४०० ते ५०० मिमीवर सारख्या जाडीच्या पट्ट्या टाका, दोन तक्ते असतील तर मध्येही तशाच पट्ट्या द्या. हवा वरून आणि खालून सारखी खेळली पाहिजे.

सावधान: भिंतीला टेकवून उभा ठेवला की बाक येतो. थेट फरशीवर ठेवला की खालची बाजू ओल धरते. वरून प्लास्टिक टाकलं की वरची बाजू कोंडते. उन्हाची तिरीप येते त्या जागेपासूनही दूर ठेवा.

## टप्पा ३: मोजणी आणि आखणी

भिंतीची लांबी एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. मागे, मध्ये आणि पुढे अशी तीन ठिकाणी मोजा, कोपऱ्यात गुण्या लावून बघा. भिंती काटकोनात असतीलच असं धरून चालू नका.

तक्ता कपाटाच्या दारांपुढे २० ते ३० मिमी यावा, म्हणजे सांडलेलं पाणी दारांवर ओघळत नाही. मागच्या भिंतीपासून ४ ते ५ मिमी फट सोडा. ही लाकडाच्या हालचालीची जागा आहे. टाइल्स किंवा मागची उभी पट्टी ती झाकते. बाजूच्या भिंतीशी २-३ मिमी पुरेत, कारण त्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही, ती फट तक्ता आत उतरवायला लागते.

आता कागदावर पूर्ण ओटा काढा आणि त्यावर सिंक, हॉब (ओट्यात बसवायची शेगडी), नळ, जोड सगळं मांडा. लाकडाच्या रेषा ओट्याच्या लांबीच्या दिशेनेच जायला हव्यात. छेदाच्या पुढे आणि मागे किमान ५० मिमी लाकूड शिल्लक राहू द्या. दोन तक्त्यांचा जोड सिंकपासून जमेल तेवढा दूर न्या, किमान २०० ते ३०० मिमी. सिंकखालच्या कपाटाच्या बाजूच्या फळ्या किंवा वरचा ड्रॉवर सिंकच्या भांड्याला आडवा तर येत नाही ना, हेही याच वेळी बघायचं असतं. तक्ता कापल्यावर हे कळून उपयोग नाही.

भिंत वाकडी असेल तर तक्त्याची मागची कड तिच्याबरहुकूम घडवावी लागते. तक्ता थोडा लांबीरुंदीत जास्त ठेवून भिंतीजवळ ठेवा, पुढची कड कपाटांशी समांतर करा. कंपासचं एक टोक भिंतीवरून फिरवा, पेन्सिलचं टोक तक्त्यावर भिंतीची रेघ उमटवत जाईल. त्या रेघेपर्यंत रंधा मारा किंवा बेल्ट सँडर चालवा, कड खालच्या बाजूला किंचित आत झुकती ठेवा. मागची ४-५ मिमीची फट धरूनच ही रेघ मारा. टाइल्स जाड असतील तर दोनतीन मिलिमीटरचा वाकडेपणा त्यांच्याखाली झाकला जातो, मग ही खटपट सोडून द्या.

## टप्पा ४: कापणी

सुरुवात मास्कने. सागवानाच्या धुळीने अनेकांची त्वचा आणि घसा चिरचिरतो, आणि लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे पुराव्याने सिद्ध झालेल्या, गटात मोडते. एन९५ मास्क, चष्मा, कानांवर बचाव, आणि शक्य असेल तर काम खोलीबाहेर.

हातात धरायच्या गोल करवतीचं पातं खालून वर कापत येतं, त्यामुळे तंतू वरच्या बाजूला उचकटतात. म्हणून तक्त्याची चांगली बाजू खाली ठेवून कापा. जिगसॉचंही (उभ्या अरुंद पात्याच्या करवतीचंही) तसंच, फक्त त्यात उलट दातांचं पातं लावलं तर चांगली बाजू वर ठेवता येते. दोन्हींत रेघेवर आधी मास्किंग टेप लावा आणि धारदार चाकूने रेघ कोरून घ्या. चाकूने तुटलेले तंतू उचकटत नाहीत.

तक्ता उलटा करून आखताना डावं-उजवं बदलतं. चुकीच्या बाजूला पडलेला सिंकचा छेद हे घरच्या कामातलं सर्वांत महाग दुःख. आखल्यावर तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: "भिंत", "पुढे", "डावं", "उजवं". मग तक्ता सुलटा करून जागेवर धरून बघा, आणि मगच करवत सुरू करा.

सिंकचा छेद. सिंकसोबत आलेला कागदी साचा वापरा. तो नसेल तर सिंक पालथं ठेवून भोवती रेघ मारा आणि काठाच्या रुंदीनुसार ती १० ते १२ मिमी आत घ्या, क्लिपा बसायला जागा उरते का ते बघून. आत घेतलेली रेघच कापायची, बाहेरची पुसून टाका म्हणजे चुकून तिच्यावर पातं जाणार नाही. चारही कोपऱ्यांत आधी गोल भोकं पाडा. काटकोनी कोपऱ्यातून चीर सुरू होते, गोल कोपऱ्यातून सहसा होत नाही. कापता कापता मधला तुकडा खाली लोंबला तर शेवटच्या काही सेंटिमीटरांत कडेचं लाकूड फाडून नेतो. तीन बाजू कापून झाल्या की त्या तुकड्यावर आडवी पट्टी स्क्रूने बसवा, तिची टोकं तक्त्यावर टेकली पाहिजेत.

नळाचं भोक. बहुतेक नळांना ३५ मिमीचं भोक लागतं, होल सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल दातेरी पात्याने, पाडा. आधी वरून मधली सुई खाली निघेपर्यंत कापा, मग उलट बाजूने पूर्ण करा. ४० मिमी जाड तक्त्यात अनेक नळांची खालची चकती पोचत नाही. नळ हातात घेऊन मोजा. कमी पडत असेल तर खालच्या बाजूने भोकाभोवती रुंद खड्डा कोरून जाडी कमी करा.

ओघळ थांबवणारी खाच. पुढच्या कडेच्या खाली, कडेपासून साधारण १० मिमी आत, ३-४ मिमी रुंद आणि तेवढीच खोल खाच राऊटरने (खाचा कोरायच्या यंत्राने) लांबीभर मारा. कडेवरून आलेलं पाणी या खाचेशी थांबून खाली टपकतं, कपाटाकडे सरकत नाही. दहा मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण ते वगळतात.

छेद कापल्यावर तक्ता आडवा उचलू नका. ३ मीटर लांब, ४० मिमी जाड ओकचा तक्ता ५० किलोच्या आसपास भरतो, आणि छेदापाशी त्याला धरून ठेवणाऱ्या दोन अरुंद पट्ट्याच उरलेल्या असतात. उभ्या कडेवर धरा, दोघांनी, आणि एकाचा हात छेदापाशी.

## टप्पा ५: कोपऱ्याचा जोड

एल आकाराच्या ओट्यात ४५ अंशांचा जोड करू नका. दोन्ही तक्ते रुंदीत फुगतात-आकसतात तेव्हा त्या जोडाचा कोन बदलतो, आणि एका ऋतूत तो आतल्या टोकाशी उघडतो तर दुसऱ्यात बाहेरच्या. सरळ जोड करा: एक तक्ता भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण न्या, दुसऱ्याचं टोक त्याच्या पुढच्या कडेला भिडवा.

इथेही एक अडचण राहते. दुसऱ्या तक्त्याची रुंदी बदलते, ती पहिल्याच्या लांबीच्या दिशेने, आणि पहिला त्या दिशेने हलत नाही. म्हणून हा जोड पूर्ण गोंदाने पक्का करू नका. खालून जोडबोल्टसाठी खाचा कोरा, १५० मिमीचे बोल्ट चालतात, आणि त्या खाचा बोल्टपेक्षा जरा रुंद ठेवा. वरची पातळी जुळावी म्हणून मध्ये बिस्किटं (पातळ लंबगोल लाकडी चकत्या) किंवा लाकडी खुंट्या घाला, पण गोंदाशिवाय. सांध्यात बसवताना सिलिकॉनची बारीक रेघ द्या.

आधी कोरडाच जोडून बघा. वरून बोट फिरवल्यावर पायरी लागली नाही म्हणजे जमलं. मग पुन्हा सुटं करा, तेल बाकी आहे.

## टप्पा ६: घासणं

आता तक्ता कापलेला आहे, बसलेला नाही. घासायला हीच योग्य वेळ, कारण सगळ्या बाजू हाताशी आहेत.

८० किंवा १०० नंबरच्या सँडपेपरने करवतीच्या आणि रंध्याच्या खुणा काढा, मग १२०, मग १५०, आणि शेवट १८० ला. मधला नंबर गाळला तर आधीच्या कागदाचे गोल ओरखडे तसेच राहतात आणि तेल लागल्यावरच दिसतात. १८० च्या पुढे वरच्या पृष्ठभागावर जाऊ नका. फार गुळगुळीत केलेलं लाकूड तेल कमी पितं. टोकांच्या कापलेल्या बाजू मात्र एक नंबर जास्त बारीक घासा. तिथे लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांची तोंडं उघडी असतात, ती खूप तेल ओढतात आणि तो भाग काळपट दिसतो.

सगळ्या कडा २-३ मिमी गोल करा, छेदांच्या आणि नळाच्या भोकाच्या कडासुद्धा. टोकदार कडेवर तेल टिकत नाही, आणि पाणी पहिल्यांदा तिथूनच आत जातं.

आता घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पूर्ण तक्ता पुसा. दबलेले तंतू उभे राहतील. पूर्ण वाळू द्या, मग शेवटच्याच नंबरच्या कागदाने हलक्या हाताने एकदा घासा, जोर लावू नका. हे आत्ता केलं नाही तर ओटा पहिल्यांदा ओला होईल तेव्हा खरखरीत होईल.

तपासा: खोलीतले दिवे बंद करा, तक्त्याच्या पातळीला टॉर्च आडवी धरा. राहिलेले ओरखडे सावलीत दिसतात. मग स्पिरिटने पुसून बघा. जिथे गोंदाचा थेंब वाळलाय तिथे फिकट डाग दिसेल, तो खरवडून काढा.

## टप्पा ७: तेल, सहाही बाजूंना

कोणतं फिनिश? फ्रेंच पॉलिश उष्णता, अल्कोहोल आणि साबणाच्या पाण्यापुढे टिकत नाही, ओट्यावर ते नको. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर टणक असतो, पण एकदा चिरला की पाणी त्याखाली शिरून पसरतं आणि दुरुस्तीसाठी पूर्ण पृष्ठभाग घासावा लागतो. मी कडक मेणमिश्रित तेल, म्हणजे हार्डवॅक्स ऑइल, किंवा टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं वाळणारं तेल) सुचवते. पाणी आत जाणं त्याने थोडं कमीच थांबतं, पण खराब झालेला हातभर भाग तेवढाच घासून पुन्हा तेल देता येतो. ज्या ओट्यावर रोज काम होतं तिथे दुरुस्तीची सोय जास्त मोलाची.

स्वयंपाकाचं तेल वापरू नका. शेंगदाणा, मोहरी, खोबरेल, कोणतंच. ही तेलं वाळून कडक थर करत नाहीत, चिकट होतात आणि खवट वास धरतात. कच्चं जवसाचं तेल वाळतं, पण फार सावकाश. 'उकळलेलं' म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलात लवकर वाळावं म्हणून बहुधा धातूची संयुगं असतात, म्हणून अन्नाच्या संपर्काला योग्य असल्याचं डब्यावर लिहिलं असेल तरच घ्या. मिनरल ऑइल कधीच वाळत नाही, ते पोळपाटासारख्या सुट्या वस्तूंना ठीक.

क्रम असा ठेवा. आधी खालची बाजू, मग सगळ्या कडा, छेदांच्या आतल्या कडा, भोकं, मग वरची बाजू. खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच हात द्यायचे. फक्त वरून तेल दिलेला तक्ता खालून जास्त वेगाने ओल घेतो, आणि पुढची कड उचलली जाते ती यामुळेच.

पहिला हात सढळ द्या. १५-२० मिनिटं मुरू द्या, जिथे तेल शोषलं जाऊन पृष्ठभाग कोरडा दिसेल तिथे आणखी लावा. मग कोरड्या सुती फडक्याने सगळं वरचं तेल पुसून काढा. पुसल्यावर तळहात फिरवला तर हाताला ओलसर लागू नये. चिकट ओट्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं: "जास्त तेल, जास्त संरक्षण" असं समजून वर साचू दिलेलं तेल. हार्डवॅक्स ऑइल मात्र पहिल्या हातापासूनच पातळ लावायचं, त्याला सढळ हात चालत नाही. डब्यावरची सूचना इथे माझ्या सल्ल्याच्या वर.

दोन हातांमध्ये किमान १२ तास, दमट हवेत २४ तास किंवा जास्त. नख लावून बघा, खूण उठली तर थांबा. पुढच्या हाताआधी ३२० च्या कागदाने हलकं घासून धूळ पुसा. स्टील वुल वापरू नका, त्याचे कण लाकडात अडकून नंतर काळे पडतात.

या टप्प्यात सर्व बाजूंना दोन हात पूर्ण करा. छेदांच्या कडांना आणि टोकांना तिसरा द्या. लाकूड जितकं पिईल तितकं तिथे पाजा.

धोका, आणि हा गांभीर्याने घ्या: वाळणाऱ्या तेलाने भिजलेलं फडकं चुरगाळून ठेवलं तर आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. काम झालं की फडकी मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवा. कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका.

## टप्पा ८: तक्ता बसवणं

डिशवॉशरच्या वर येणाऱ्या खालच्या भागावर बाष्प अडवणारी ॲल्युमिनियमची फॉइल लावा. दार उघडल्यावर निघणारी वाफ थेट तिथे आदळते.

तक्ता जागेवर ठेवा, मागची फट दोन-तीन ठिकाणी सारख्या जाडीचे तुकडे अडकवून राखा. कपाटाला गोंदाने चिकटवू नका. जुन्या दगडी ओट्याखाली जसा सिमेंटचा थर देतात, तसा इथे नको.

स्क्रू खालून, कपाटाच्या आडव्या पट्ट्यांतून वर. पुढचे स्क्रू घट्ट, मागचे सैल. पुढच्या पट्टीतली भोकं स्क्रूच्या मापाची, म्हणजे पुढची कड दारांशी कायम समांतर राहते. मागच्या पट्टीतली भोकं मोठी: ४.५ मिमी स्क्रूला ९ ते १० मिमीचं भोक आणि रुंद वॉशर. लाकूड फुगलं की तक्ता मागच्या मोकळ्या फटीकडे सरकतो आणि स्क्रू त्याच्याबरोबर भोकात हलतो. लांबट भोकाचे एल ब्रॅकेट वापरले तर भोकाची लांबी पुढे-मागे अशी ठेवा. उलटे लावले तर त्या भोकाचा काहीच उपयोग नाही.

स्क्रूची लांबी हिशेबाने ठरवा. पट्टी १८ मिमी आणि तक्ता ४० मिमी असेल तर ४० मिमीचा स्क्रू तक्त्यात २२ मिमी जातो, बरोबर. तोच स्क्रू २७ मिमी तक्त्यात टोकाशी फक्त ५ मिमी लाकूड सोडतो, तिथे ३५ चा घ्या. तक्त्यात आधी बारीक भोक पाडा, ड्रिलच्या पात्याला खोलीच्या मापावर टेप गुंडाळा. टेप तक्त्याला टेकली की थांबायचं. सिंकजवळ स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू लावा.

तपासा: मागचे स्क्रू पूर्ण आवळून मग पाव फेरा सोडा. वॉशर बोटाने जेमतेम फिरला पाहिजे.

बाहेर झुकणारा भाग, उदाहरणार्थ बसून खाण्याची जागा, २५० मिमीपेक्षा जास्त असेल तर खाली ब्रॅकेट द्या.

## टप्पा ९: वरचे शेवटचे हात, मग सिंक आणि सिलिकॉन

बसवताना पडलेले ओरखडे ३२० ने हलके घासा, वरच्या बाजूला आणि पुढच्या कडेला एक पातळ हात द्या, पुसा, वाळू द्या. सागवान असेल तर बहुधा एवढ्यावर भागतं, ओकला आणखी एक लागू शकतो.

सिलिकॉनची घाई इथे सगळ्यांना असते, कारण सिंकशिवाय स्वयंपाकघर अडतं. तरी थांबा. सिलिकॉन ओल्या तेलावर चिकटत नाही, आणि जिथे सिलिकॉनचं बोट लागलं तिथे नंतर तेल धरत नाही. तेलाच्या शेवटच्या हातानंतर किमान दोन-तीन दिवस जाऊ द्या, सिलिकॉन लागेल ती पट्टी स्पिरिटने पुसून घ्या. न्यूट्रल प्रकारचं (वाळताना आम्ल न सोडणारं), बुरशीरोधक सिलिकॉन वापरा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, सिलिकॉन ओढा, बोटाने गुळगुळीत करा, आणि ते ओलं असतानाच टेप काढा.

सिंक ठेवण्याआधी छेदाच्या कडा एकदा शेवटच्या बघा. कुठे कोरं लाकूड दिसतंय का? नळाच्या भोकात? ही जागा पुन्हा कधीच दिसणार नाही. मग सिंकच्या काठाखाली सलग सिलिकॉन द्या, सिंक दाबा, क्लिपा समोरासमोर थोड्या थोड्या आवळा. मागची फट आणि टाइल्स यांच्यातही सिलिकॉनच भरा. तिथे सिमेंट किंवा टाइल ग्राउट भरलं तर ठेवलेली सगळी मोकळीक बंद होते.

हॉबच्या छेदाच्या आतल्या कडांना ॲल्युमिनियमची उष्णतारोधक टेप लावा, आणि हॉब व लाकूड यांतलं अंतर हॉबच्या पुस्तिकेत दिलंय तेवढंच ठेवा. गॅसची जोडणी प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या.

## टप्पा १०: पहिला महिना

कोरड्या हलक्या वापराला एक-दोन दिवसांनी सुरुवात करता येते, पण तेल पूर्ण कडक व्हायला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर ओलं फडकं वर ठेवू नका, भांड्यांखाली पाणी साचू देऊ नका, प्लास्टिक पसरू नका.

साध्या तेलाच्या ओट्याला पहिले तीन-चार महिने महिन्यातून एकदा पातळ हात द्या. हार्डवॅक्सला इतकं लागत नाही. त्यानंतर कॅलेंडर नको, पाण्याचे थेंब विचारा: ओट्यावर थोडं पाणी शिंपडा. थेंब गोल उभे राहिले तर ठीक. पाच-दहा मिनिटांत पसरून लाकूड गडद झालं तर तेलाची वेळ झाली. सिंकभोवती ती वेळ बाकी ओट्याच्या कितीतरी आधी येते, म्हणून तेवढ्याच भागाला तेल द्यायला हरकत नाही.

पुसायला पिळलेलं फडकं आणि सौम्य साबण. ब्लीच आणि घासणीची पावडर नको. गरम भांडं कायम स्टँडवर. ओलं लोखंडी भांडं किंवा पत्र्याचा डबा ओकवर रात्रभर राहू देऊ नका.

चिकटपणा राहिलाच असेल तर त्यावर ताज्या तेलाचा पातळ हात द्या, नायलॉनच्या मऊ पॅडने चोळा, जुना थर सैल होईल, मग सगळं कोरडं पुसा. लोखंडाचा काळा डाग पडला तर आधी तो भाग घासून तेल उतरवा, मग ऑक्झॅलिक आम्लाचं सौम्य द्रावण लावा. ते विषारी आहे: हातमोजे घाला, खाण्याचं काहीही जवळ नको, आणि डाग गेल्यावर जागा स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्या. पूर्ण वाळल्यावर १८० ने घासून पुन्हा तेल. मागच्या बाजूला सिलिकॉन सुटलेलं दिसलं तर ते खरवडून त्याच आठवड्यात नवं भरा. तिथून झिरपलेलं पाणी तक्त्याच्या खाली कित्येक महिने दिसत नाही.